प्रणिताचं मत

प्रणिता रक्तदाबाचा पट्टा बाबांच्या दंडाला गुंडाळत होती. समोर बैठकीवर चार म्हातारे कुवेती लोडांना टेकून बसले होते आणि मधल्या नकाशावर तिचं गाव होतं. अरबी अक्षरं तिला वाचता येत नव्हती. पण किनाऱ्याच्या एका वळणाला कुणीतरी लाल गोल केला होता आणि ते वळण तिने झोपेतही ओळखलं असतं.

बाबा म्हणजे बू नासर. वय ब्याऐंशी, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. प्रणिता त्यांची घरची नर्स, कुवेतच्या जाब्रिया भागातल्या या घरात येऊन तिला सात महिने झाले होते. बाबा एका मदत-संस्थेचे अध्यक्ष. दुखणं आल्यापासून संस्थेची सभा त्यांच्याच दिवाणियात, म्हणजे घरच्या बैठकीच्या खोलीत भरायची. आज ठराव एकच होता. वादळाने धुऊन नेलेल्या कोकणच्या किनाऱ्याला होड्या, औषधं आणि पाणी गोडं करायची यंत्रं पाठवायची की नाही.

यंत्र तर हवंच होतं. गावातल्या एकूणएक विहिरीत खारं पाणी शिरलं होतं. तिचे आईवडील बारा दिवस शाळेच्या वर्गात राहत होते. वडिलांना जुलाब होतायत, असं आई काल फोनवर म्हणाली, आणि वर, तू काळजी करू नको, असंही म्हणाली. जुलाब आणि पाणी नाही, याचा अर्थ नर्सला समजावून सांगावा लागत नाही. प्रणिताला रात्रभर डोळा लागला नव्हता.

याच ठरावावरून शुक्रवारी सालमियातल्या मराठी मंडळींत चांगलीच जुंपली होती. इंजिनियर अभिजीतचं म्हणणं, आपला देश मदत पाठवणारा, हात पसरणारा नव्हे, ठराव झाला तर अब्रू जाईल. दुकानदार मुझफ्फरभाई म्हणाले, बुडणारा काडी कुणाची ते विचारत नाही. शेवटी डॉक्टर शामलाताईंनी दोघांनाही गप्प केलं. दुसऱ्याच्या मुलखात मतं देत बसू नका, उद्या कुणी व्हिडिओ फिरवला तर बॅगा भरायलाही वेळ मिळायचा नाही. हे मात्र सगळ्यांना पटलं. प्रणिता तर आधीपासूनच मूग गिळून बसली होती. घरच्यांशी पेशंटपलीकडे एक शब्द बोलायचा नाही, हे नोकरी लावणाऱ्या एजन्सीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, एजन्सीच्या हातात होता आणि इकामा गेला की परतीचं विमान.

म्हातारे आता तावातावाने बोलू लागले होते. प्रणिताची अरबी पेशंटपुरती. दुखतं, श्वास घ्या, झोपा. त्यापुढे अडलं की ती मराठीतलाच एखादा उर्दू वळणाचा शब्द घशातून काढून वापरायची. दवा, साबण, वखत, असे पुष्कळ शब्द बरोबर लागू पडायचे. त्यामुळे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ हात झटकत जे बोलत होते, त्यातला एकच शब्द तिला कळला. तो पुन्हा पुन्हा येत होता. गरीब. नकाशाकडे बोट, आणि गरीब. दाराकडे हात, आणि गरीब. तिच्या कानांतून वाफा निघू लागल्या.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि सावकाश, सोप्या शब्दांत विचारलं, तू तिथलीच ना? मग तूच सांग.

पाचही चेहरे तिच्याकडे वळले. पाणी म्हणावं, विहिरी म्हणावं, माझे वडील म्हणावं, असं तिच्या मनात दाटून आलं. पण एजन्सी आठवली, अभिजीत आठवला, आणि सगळ्याच्या वर तो शब्द सलत होता. ग घशातून काढत ती म्हणाली, "इहना मू गरीब, बाबा."

आम्ही गरीब नाही.

दाढीवाल्यांनी मान खाली घातली. बाबांनी तिला हातानेच खूण केली, जा.

स्वयंपाकघरात येऊन ती फरशीवरच बसली. नोकरी गेली, हे तिने धरूनच चाललं होतं. पण त्याचं एवढं काही नव्हतं. ज्या बापाने होडी गहाण टाकून नर्सिंगला घातलं, त्याच्या तोंडचं पाणी तिने स्वतःच्या तोंडाने तोडलं होतं, तेही कुणी न मागितलेल्या ताठ्यापायी. आईला फोन लावावा म्हणून तिने नंबर काढला. बटण दाबायचा धीर होईना.

अर्ध्या तासाने यूनुसचाचा कॉफीची रिकामी किटली घेऊन आत आले. ते म्हसळ्याचे, या घरात बावीस वर्षं ड्रायव्हर. सभा असली की कॉफीही तेच ओतायचे. किटली ठेवून ते म्हणाले की ठराव झाला, पाचही हात वर. पहिली यंत्रं याच आठवड्यात निघणार. दाढीवाला सकाळपासून नाही म्हणत होता, त्यानेच पहिला हात वर केला आणि डोळे पुसले. बाबा सगळ्यांना एवढंच म्हणाले, पोरगी काय सांगते ते ऐकलंत ना, मग आता चर्चा कसली?

प्रणिताला हे खरं वाटेना. "चाचा, मी तर म्हटलं, आम्ही गरीब नाही."

यूनुसचाचा तिच्यासमोर खाली बसले.

"अगो बाय, यांच्या भाषेत गरीब म्हणजे परका."