एका दिवसाची पाहुणी

राघू बसस्थानकावर पोचला तेव्हा आई बाहेरच्या पायरीवर बसलेली होती. मांडीवर कापडी पिशवी, तेवढंच सामान.

"लवकर आली का गं बस?"

"आली बाई एकदाची," म्हणत ती उठली आणि चालायलाच लागली. "चल, संध्याकाळी परत जायचंय मला. समुद्र कुठाय तुझा?"

राघू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी त्याचं तोंड क्षणभर मिटत नसे, म्हणून आईनेच ते ठेवलं होतं. अलीकडे मात्र हा राघू फोनवर 'हो', 'बरंय', 'कामात आहे' याच्या पुढे जात नव्हता. कारण काम राहिलंच नव्हतं. कंपनीला टाळं लागलं होतं, आणि टेबलखुर्चीवर बसणारा राघू आता एका जाड्या भागीदाराबरोबर किनाऱ्यावर छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्याने देत होता. वडील गेल्यावर आईने लोकांचे कपडे शिवून त्याला शिकवलं होतं. तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, वाळूत खुर्च्या मांडतो म्हणून?

येऊ नकोस असं तो इतके महिने तिला आडून आडून सुचवत होता. या वेळी तिने ऐकलं नाही. "एक दिवस येते, शहर दाखव," एवढंच म्हणाली. तेव्हा त्याने मनाशी बेत आखला होता. किनारा टाळायचा, बाकी मागेल ते दाखवायचं.

बसमध्ये त्याने तिला खिडकीची जागा दिली. ती मात्र पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. "तिकडे ऊन येतं," ती म्हणाली. पुढच्या वळणानंतर खरंच आलं.

आधी त्याने तिला दीपगृहावर नेलं. वरच्या कठड्याशी पोचेपर्यंत राघूचा जीव मेटाकुटीला आला. आई मात्र पदराने वारा घेत खाली बघत होती. लाल कौलं, पांढऱ्या होड्या, आणि नजर जाईल तिथवर लखलखणारं पाणी.

"तुझं ऑफिस कुठलं रे यातलं?"

हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. त्याने निळ्या काचांच्या एका इमारतीकडे बोट केलं. "ते. सातवा मजला."

आईने डोळ्यांवर हात धरून मजले मोजले. "याला तर पाचच दिसतात."

"मागे उतार आहे ना. उरलेले दोन त्या बाजूला आहेत."

"असं होय," आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "राघू, मला काही सांगायचंय का तुला?"

"मला? कुठे काय!"

"बरं," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

पाण्यात पाय बुडवल्याशिवाय जाणार नाही, असा तिने हट्टच धरला. राघूने तिला खडकांपलीकडच्या टोकाला नेलं. तिथे सहसा कुणी येत नसे. आज नेमका जाड्या भागीदार चार खुर्च्या खांद्यावर घेऊन समोरून आला. त्याने तोंड उघडलं. राघूने डोळे वटारले.

"या साहेब!" जाड्या एकदम वाकून म्हणाला. "माताजी, खुर्ची टाकू का? छत्री? पायाखाली चटई?"

"अरे हो, हो!" आई हसली. "एवढ्या खुर्च्या एकटाच उचलतोस?"

"आज एकटाच. भागीदाराने दांडी मारलीय."

"बरा आहे का भागीदार?"

"सोनं आहे हो. जरा थापाड्या आहे, पण सोनं."

राघू एका दूरच्या होडीकडे टक लावून बघत राहिला. आई मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि निघताना त्या परक्या माणसाच्या पाठीवर तिने हात फिरवला.

इथे आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. अर्धा किनारा त्याला ओळखत होता. "चल, मत्स्यालय बघू," तो म्हणाला. "आत गारवा असतो."

आईचा चेहरा उतरला. "मासे काय बघायचे त्यात?"

"अगं, माणसाएवढे आहेत म्हणे!"

"पाय दुखतात रे माझे. आणि बस चुकेल."

"बसला खूप वेळ आहे. शहरात येऊन मत्स्यालय नाही बघितलं, असं कुणी करतं का?"

दीपगृहावर न थकता चढलेली आई आता पाय ओढत चालत होती. राघूला मात्र हलकं वाटू लागलं होतं. मत्स्यालयात तो स्वतः कधी गेला नव्हता, तिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. शिवाय रस्ता ओलांडता ओलांडता त्याचं ठरलं होतं. आत अंधार असतो. एखाद्या मोठ्या टाकीसमोर दोघं शेजारी उभी राहिली की सांगून टाकायचं. माशांकडे बघत. तिच्या डोळ्यांत न बघता.

तिकिटाच्या खिडकीशी जाऊन त्याने दोन बोटं वर केली. आतल्या बाईने मान उचलली आणि तोंडभर हसली, पण त्याच्याकडे बघून नाही.

"अगंबाई, मावशी! सुट्टी काढलीत आणि फिरायला पुन्हा इथेच? रोज टाक्यांच्या काचा पुसून हौस फिटली नाही वाटतं!" मग तिची नजर राघूवर गेली. "हाच का तो, नोकरी गेलेला? सांगितलंत का एकदाचं, याच्या काळजीने गाव सोडून तीन महिने माझ्या खोलीवर राहताय ते?"