एक मूठ गवत

काजलने विळा घेतला नाही. सासूने, मनकर्णाबाईने, पुढे केलेला विळा तसाच राहिला आणि काजलने बोरीला टेकवून ठेवलेला नवऱ्याचा कोयता उचलला, बांबूच्या लांब दांड्याचा.

"तो काऊन घेतला?" मनकर्णाबाईने विचारलं.

"उभ्यानंच कापीन मी."

दोन शेतांमधल्या धुऱ्यावर गवत कमरेला लागत होतं. दोन्ही अंगाला सोयाबीन. वीस दिवसांपूर्वी याच धुऱ्यावर गवत कापताना थोरल्या सुनेला, छायाला, साप चावला. दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या आत ती गेली. तिच्या हातून पडलेला विळा मनकर्णाबाईने दुसऱ्या दिवशी येऊन शोधून नेला होता. तोच आज तिच्या हातात होता. उंद्रीच्या लोहाराकडून धार लावून आणलेला.

त्या घरात बाईने कोयता धरायचा नसतो. घरातच कशाला, त्या सगळ्या शिवारात नसतो. बाईचा विळा. खाली बसायचं, डाव्या हाताने गवताची मूठ धरायची, उजव्याने ओढायचं. मूठ सरळ निघते, पेंढी नीट बांधता येते, म्हशीपुढे माती जात नाही. कोयत्याने गवत उडतं, चिखलात पडतं, निम्मं वाया जातं. हे सगळं खरंच आहे, कोणी नाही म्हणत नाही. फक्त विळ्याच्या कामात आधी हात आत जातो, मग पातं. कोयत्याच्या कामात आधी पातं जातं. एवढी साधी गोष्ट, पण ती ध्यानात यायला घरातलं एक माणूस जावं लागलं, आणि आली तीही एकट्या काजलच्याच.

तिला भीती वाटत होती. रात्री झोपेतसुद्धा ती डावा हात पोटाशी धरून असायची.

"काजल, आण तो इकडे. मले बाभूळ तोडाची हाये," कुंपणाकडून नवऱ्याने, गोपालने, हाक मारली.

"पाच मिनिटं थांबा."

तिने कोयता फिरवला. गवत वाकडंतिकडं पडलं. मनकर्णाबाई मागून बडबडत होती. "पाह्य, पाह्य कसं करून राह्यली. निम्मं चिखलात गेलं. म्हैस तोंड तरी लावन का याले?"

पाचव्या-सहाव्या वाराला पात्याखाली काहीतरी मऊ लागलं. काजल मागे सरली. गवतात दोन तुकडे वळवळत होते.

गोपाल धावत आला. काठीने त्याने ते उलटवून पाहिले, ठेचले, बाजूला ओढले.

"मेला," तो म्हणाला.

मनकर्णाबाईने दोन्ही हात कपाळाला लावले. "सुटलो बाप्पा. माही सून खाल्ली यानं." तिला खरंच रडू आलं. तिने पदर डोळ्यांना लावला. मग नाक पुसून म्हणाली, "चाल, आता भेव गेलं ना तुह्यं? दे तो कोयता त्याले. हा घे इळा."

काजल त्या तुकड्यांकडे पाहत होती. लांब, पिवळसर, निमुळतं अंग.

"हे धामण हाये," ती म्हणाली.

मनकर्णाबाईने विळा तसाच पुढे धरला.

"छायाबाईनं गाडीत मले सांगतलं होतं. जाडा होता, बुटका. कुकरवानी शिट्टी मारे. हे तं धामण हाये, आत्याबाई. उंदरं खाते बिचारी."

शेतात जन्म काढलेल्या माणसांना धामण ओळखायला शिकवावं लागत नाही. गोपालने काठीचं टोक गवताला पुसलं.

"साप तो साप," तो म्हणाला. "आता काही नाही इथं. उगाच डोकं नको खाऊ."

"काही नाही ना? मंग तुमी बसा."

"काय?"

"एक मूठ कापून दाखवा. मंग मी सारा धुरा कापीन. बसूनच कापीन."

गोपाल हसला. त्याने आईकडे पाहिलं, तिच्या हातातला विळा घेतला. "एवढंच ना," म्हणत तो उकिडवा बसला.

त्याचा डावा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. विळ्याच्या टोकाने त्याने गवत एका बाजूला सारलं. मग दुसऱ्या बाजूला. वाकून आत पाहिलं. पुन्हा सारलं. असं बघत बसलं तर दिवसभरात एक पेंढी होत नाही, कुठलीही बाई सांगेल. कोयत्याच्या दांड्यावर हात ठेवून काजल नुसती उभी होती. गोपालच्या मानेवर घाम आला होता. शेवटी त्याने ओठ मिटले आणि हात पुन्हा पुढे केला.

"ऊठ," मनकर्णाबाई म्हणाली.

"कापतो ना माय, एक मूठ तं..."

"ऊठ म्हनलं ना तुले."

तिने त्याच्या दंडाला धरून त्याला वर ओढलं. म्हातारीच्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. तिने त्याचा डावा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, बोटं एकेक करून पाहिली. त्याच्या विजारीचा चिखल झटकला.

मग त्याच्या उजव्या हातातला विळा काढून घेतला आणि काजलपुढे धरला.

"बस," ती म्हणाली. "म्हैस उपाशी हाये."