पास

आईच्या कपाचा कान तुटला. बाबांनी आणलेल्या जोडीतला तो उरलेला एकच कप. "तू गोंदाचाच शास्त्रज्ञ ना? मग दे जोडून," म्हणत तिने तो माझ्यापुढे ठेवला.

एरवी घरात मला कोणी साधा खिळाही ठोकू देत नाही, त्यामुळे मी लगेच बाह्या सरसावल्या. कडा स्पिरिटने पुसल्या. बोटांचं नुसतं तेल लागलं तरी गोंद नीट धरत नाही, हे पुसता पुसता सगळ्यांना ऐकवलं. मग कडा जराशा खरवडल्या, गोंदाचा पातळ थर दिला आणि दिवसभर कपाजवळ कोणाला फिरकू दिलं नाही. "पेशंट शुद्धीवर आला की सांगा," बायको म्हणाली.

संध्याकाळी आई चहा ओतायला आली.

"थांब, आधी जोड तपासतो."

आमच्या प्रयोगशाळेत जोड तपासायचा म्हणजे काहीतरी तुटेपर्यंत ओढायचं. गोंद सुटला तर नापास, गोंद टिकून वस्तूच फुटली तर पास. हाताला तीच सवय. मी एका हाताने कप धरला, दुसऱ्याने कान, आणि अंगातला सगळा जोर लावला.

खळ्कन आवाज झाला.

"पास!" मी आनंदाने ओरडलो. "बघ आई, जोड जागचा हलला नाही! कपच फुटला!"

आईने माझ्या हातातल्या कानाकडे पाहिलं. कपाचा एक टवका त्याला अजून घट्ट चिकटून होता.

"आणि मी जगाला सांगत फिरते," ती म्हणाली, "माझा मुलगा वस्तू जोडतो म्हणून."