एक मत कमी

सभागृहातल्या मतदानाच्या फलकावर लाल दिव्यांची रांग वाढली तशी वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलेली व्लास्टा कठड्यावरून पुढे वाकली. विधेयकाला एक मत कमी पडत होतं. आणि मतदान बंद होता होता आमदार डेल होलुबच्या नावापुढचा हिरवा दिवाही लाल झाला. विधेयक तर त्याचंच होतं!

"बघितलंस?" शेजारचा एमिल म्हणाला. "तुझ्या लाडक्यानं स्वतःच्याच विधेयकाला लाथ मारली."

"गप रे. काहीतरी कारण असेल."

म्हाताऱ्या माणसांच्या राहत्या घरावरचा कर निम्मा करायचा, यासाठी डेल अठरा वर्षं भांडत होता. दर खेपेला विधेयक थोडक्यात पडायचं, आणि दर खेपेला डेल आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून यायचा. प्रत्येक निवडणुकीत व्लास्टा त्याच्यासाठी दारोदार फिरली होती. त्याच्या सभांना तिने खसखस भरलेल्या गोड कोलाच्यांची ताटंच्या ताटं भाजून नेली होती. "त्याला प्रचाराचे फलकसुद्धा नवे छापावे लागत नाहीत," असं एमिल चिडवायचा, आणि ती त्याच्यावर उखडायची.

या वेळी मात्र गळ्याशी आलं होतं. शहर सरकत सरकत गावाला येऊन चिकटलं, घरांच्या किमती चढल्या आणि त्यांच्यामागे करही चढला. पेन्शन होती तेवढीच राहिली. नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर तिला विकायला काढावं लागलं होतं. गिऱ्हाईक सोमवारी उत्तर मागायला येणार होतं. विधेयक आज झालं तर ती त्याला दारातूनच परत पाठवणार होती. म्हणून तर एमिलच्या खटारा गाडीत बसून, बर्फ पडत असताना ती राजधानीपर्यंत आली होती.

मधल्या सुट्टीत डेल स्वतः वर सज्जात आला. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"मावशी, घाबरलात ना? अहो, ही खेळी आहे. इथला नियमच असा, की जिंकलेल्या बाजूनं मत दिलेला माणूसच फेरमतदान मागू शकतो. आपण हरतोय म्हटल्यावर मी बटण बदललं. आता मागायचा हक्क माझ्याकडे आला."

"म्हणजे अजून होऊ शकतं?"

"हॅरिएट ब्रँट आपल्याच बाजूची आहे. तिची गाडी बर्फात अडकलीय. ती आली की तिचं एक आणि माझं एक, झालं काम! अधिवेशन संपायच्या आत मी उभं राहून मागायचं, बस्स."

"आणि ती नाहीच आली तर?"

"तर पुढच्या निवडणुकीनंतर पुन्हा लढू, मावशी. मी सोडणारा नाही."

तो गेल्यावर व्लास्टाने एमिलकडे असं काही पाहिलं, की त्याने उगाच टोपी सारखी केली.

"बरं बाई, चुकलो. डोकं आहे पोराला."

दुपार सरली. खाली किरकोळ विषय एकेक करून उरकले गेले. काही आमदार टेबलंही आवरू लागले. व्लास्टाची नजर दारावरून हलेना. तिने आजवर देवाकडे स्वतःसाठी फारसं काही मागितलं नव्हतं. आज मात्र ती एका अनोळखी बाईच्या गाडीसाठी त्याला विनवत होती.

आणि दार उघडलं. खांद्यांवर बर्फ, ओले बूट, अशी हॅरिएट ब्रँट धापा टाकत आत आली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

"आली! एमिल, आली रे ती!" व्लास्टाला रडूच फुटलं. एमिलने तिचा हात घट्ट धरला. त्याचेही डोळे भरून आले होते.

डेलने वळून हॅरिएटकडे पाहिलं आणि लगेच हात वर केला.

"बोला, आमदार होलुब," अध्यक्ष म्हणाले.

डेल उभा राहिला. त्याने कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला.

"अध्यक्ष महोदय, रस्ते वाईट आहेत, सगळ्यांना घरी जायचंय. कामकाज इथेच थांबवून अधिवेशनाची आत्ताच सांगता करावी, असा मी प्रस्ताव मांडतो."