दुसरं बुजगावणं

"बुजगावणं. दुर्लक्ष करा," असं पडद्यावर उमटलं आणि घराच्या गच्चीवर बसलेल्या अर्पितानं आनंदानं उडी मारली.

गेला महिनाभर या बुजगावण्यानं तिच्या नाकी नऊ आणले होते. फौजेसाठी तिनं आणि नयननं एक प्रोग्राम बनवला होता. ड्रोननं वरून पाहायचं, खाली कोण आहे ते मशीननं ओळखायचं आणि गोळी झाडायची की नाही, तेही मशीननंच ठरवायचं. चाचणीला बंदूक नव्हती, नुसता कॅमेरा. शेत घरचंच, फुलसावंगीच्या बाहेरचं. आई शकुबाई सांभाळायची. पण मशीन मोठं बहाद्दर! तुरीतलं बुजगावणं दिसलं रे दिसलं की म्हणायचं, "शत्रू!" मग अर्पितानं त्याला तालुक्यातली झाडून सारी बुजगावणी दाखवली. आज कुठे ते शहाणं झालं.

आता एकच वाद उरला होता. प्रोग्राममध्ये एक ओळ होती: मारण्याआधी माणसाला विचारा. सोमवारी फौजेचे साहेब येणार होते. त्याआधी अर्पिताला ती ओळ काढायची होती, नयनला ठेवायची होती.

"माणसाले विचारत बसलं त दुश्मन चहा पिऊन निघून जाईन," ती म्हणाली.

"अन् मशीन चुकलं त?"

"आता नाही चुकत. पाह्य तू."

तिनं ड्रोन साऱ्या शेतावरून फिरवला. निकाल आला: माणसं शून्य. बुजगावणी दोन. मारा करायला हरकत नाही.

अर्पिताला आभाळ ठेंगणं झालं. ती ओळ पुसायला तिनं बोट पुढे केलं.

"थांब," नयन म्हणाला. "दोन काहून?"

"मायनं दुसरं उभं केलं असंन. डुकरायचा लय राग तिले." पडद्यावर ते बांधाशी उभं दिसतही होतं. अंगात बाबांचा जुना शर्ट, तोंडाला फडकं, एक हात उंच. जागचं हलत नव्हतं. "थांब, तिलेच विचारू."

तिनं फोन लावला. शेतात रेंज नावालाच. बांधावर उभं राहून फोन वर धरला, तरच लागायचा. आज एका झटक्यात लागला.

पडद्यावर दुसऱ्या बुजगावण्यानं उंच धरलेला हात कानाशी नेला.

"हॅलो," शकुबाई म्हणाली. "जेवली काय वं? कापूस वेचणं सोडून केव्हाची तुलेच फोन लावून राह्यली मी."