रूपीबाईचा वाटा

रूपीबाईला मोहाच्या झाडाला बांधलं होतं. दगडाने कपाळ फुटलं होतं आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं. हात दोराखाली होते, त्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं.

समोर उदेसिंग उभा होता, कुऱ्हाड खांद्यावर. पाड्यात रोज डुकरं मरत होती. कान जांभळे पडायचे, नाकातून फेस यायचा. पहिली मेली ती त्याचीच डुक्करीण, पिलांसकट. रूपीबाई डाकीण आहे, असं पाडा कधीपासून म्हणत होता. आज उदेसिंगने दोर आणला होता.

गुरांची डॉक्टर जागृती हिने त्याच झाडाखाली आपलं छोटं यंत्र मांडलं होतं. उरलेल्या डुकरांच्या नाकात बोळा फिरवून तिने प्रत्येक घराची एक नळी लावली होती. एकही घर सुटायला नको, म्हणून रूपीबाईच्या डुकराचीही लावली.

"नळीतलं पाणी आता गुलाबी आहे," ती म्हणाली. "जंतू असतील तर अर्ध्या तासात पिवळं होईल. पिवळं झालं तर हा रोग आहे. मग हिला सोडायचं."

"सोडू," उदेसिंग म्हणाला. "नही व्हयनं त मंग तू मधमा पडू नको, ताई."

गर्दीतून आणखी एक दगड आला आणि रूपीबाईच्या गुडघ्यावर बसला. ती ओरडली नाही. जागृती उठून तिच्यापुढे उभी राहिली, तेव्हा कुठे हात थांबले.

नळ्या पिवळ्या होऊ लागल्या. आधी कडेची, मग तिच्या शेजारची, मग भराभर. जागृती दोर सोडायला वळली.

"थांब ताई." उदेसिंग यंत्रावर वाकला होता. "हाई एक गुलाबीच शे. कोना घरनी?"

जागृतीने नळीवरचं नाव वाचलं आणि त्यावर अंगठा ठेवला.

"बोल ना."

"रूपीबाईच्या घरची."

"सगळास्ना डुकरं मरी ऱ्हायनात आनि इन्हं तेवढं चांगलं. तुन्हं यंत्रच सांगी ऱ्हायनं." कुऱ्हाड खांद्यावरून खाली आली.

"तुमची डुक्करीण मेली, तिच्या मांसाचं काय केलंत?" जागृतीने घाईघाईने विचारलं.

"वाटा. घरेघर. आम्हनी रीतच शे."

"आणि मांस धुतलेलं पाणी?"

"डुकरास्ले."

"हिच्या घरी वाटा दिला होता?"

उदेसिंग हसला. "डाकीणले कोन वाटा देस?"

"म्हणून हिचं डुक्कर वाचलं. रोग त्या पाण्यातून गेला. तुम्हीच तो घरोघर पोचवलात."

हातातले दगड एकेक करून खाली पडले. उदेसिंगने त्या पिवळ्या नळ्यांकडे पाहिलं, मग कुऱ्हाडीकडे. मग तो रूपीबाईच्या अंगणात गेला आणि खुंट्याला बांधलेल्या डुकराच्या डोक्यात त्याने कुऱ्हाड घातली. डुक्कर पहिल्याच घावात पडलं. तरी तो घालत राहिला.

जागृतीने दोर सोडला. रूपीबाई लंगडत अंगणात गेली, पदराने डोळ्यातलं रक्त पुसलं आणि डुकराशेजारी बसली.

"मांस चांगलं शे," ती म्हणाली. "वाटा पाडा. या खेपले मन्हा बी धरा."