पोळ्याचा बंदोबस्त

खांदमळणीच्या दुपारी चंद्रभान पाटलाच्या ओसरीवर कुऱ्हाडीला धार लागत होती. तो आवाज ऐकून पोलीस पाटील आश्रुबा घरातून ओट्यावर आला. थोड्या वेळानं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्या सूर्यभानच्या अंगणातही तसाच आवाज सुरू झाला.

उद्या पोळा. वेशीतलं तोरण आधी कोणाच्या बैलानं तोडायचं, यावरून या दोघा सख्ख्या भावांचं वाटणी झाल्यापासून वाजत होतं. गेल्या पोळ्याला डोकी फुटली होती. कालच फौजदारानं आश्रुबाला देवगाव फाट्यावर गाठून बजावलं होतं, "यंदा गावात रक्त सांडलं, तर तुमची पाटीलकी गेली म्हणून समजा."

आश्रुबा फौजेतून हवालदार होऊन आलेला. बांगलादेशच्या लढाईत त्यानं पूल राखला, वरून गोळे पडत असताना जागा सोडली नाही. आज स्वतःच्या घरात त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. लढाईत शत्रू निदान समोर तरी असतो. इथं दोन्हीकडं गावचीच माणसं.

आणि हे पद त्याला जीव की प्राण होतं. त्याचा बाप लिंबाजी छप्पन साली दीक्षा घेईपर्यंत येसकराची काठी घेऊन गावाची राखण करत आला. गावानं त्याला जन्मभर 'लिंब्या' म्हटलं, भाकर वरून टाकली. त्याच गावाचा पोलीस पाटील आता त्याचा मुलगा होता. या पदासाठी अर्ज दोन्ही भावांनी केले होते. एकाला नेमावं तर दुसरा पेटणार, म्हणून प्रांतसाहेबानं दोघांनाही बाजूला सारून पलटणीतला माणूस निवडला. त्या दिवसापासून दोन्ही भाऊ त्याला 'हवालदारसाहेब' म्हणत. थोरल्याकडं चहा झाला की धाकटा दुधाला बोलावी. फौजेतल्या माणसाची किंमत गावाला कळते, असं आश्रुबाला वाटे आणि बरं वाटे.

त्याची बायको पंचफुला मात्र सकाळपासून धुसफुसत होती.

"त्यांचं भांडण त्यांच्यापाशी. तुमी कशाला मधी पडायलाव?"

"अगं, डोकी फुटतील."

"फुटू देऊ नका. पण मिटवायच्या भानगडीत पडू नका, एवढं ऐका माझं."

"लय भ्यालीस व्हय?"

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. आश्रुबानं टोपी घातली आणि थोरल्याच्या ओसरीवर गेला.

"या, हवालदारसाहेब, बसा," चंद्रभान म्हणाला. "तुमीच सांगा, मान थोरल्याचा का न्हाई?"

"दादा, तुमचा पाखऱ्या कोणत्या गाईचा?"

"आईच्या कपिलीचा."

"अन् सूर्यभानदादाचा हौश्या?"

दोन्ही बैल एकाच गाईचे, एकाच जुवाखाली वाढलेले. वाटणीत जोडी फुटली, एक इकडं आला, एक तिकडं गेला. त्यानंतर दोघांपैकी कोणालाच तशी जोडी मिळाली नव्हती.

"उद्या मान जोडीला द्या," आश्रुबा म्हणाला. "पाखऱ्या अन् हौश्या संगंच वेशीतून जातील. एक कासरा तुमी धरा, एक त्यांनी."

"त्यो धरंल का?"

"तुमी धरलात तर धरंल."

हेच बोलणं त्यानं धाकट्याकडं जाऊन केलं. सूर्यभान कुऱ्हाडीच्या पात्यावर अंगठा फिरवत "बगू" म्हणाला. त्या 'बगू'वर आश्रुबानं रात्र कशीबशी काढली.

पोळ्याला सगळं गाव वेशीत लोटलं. झुली, बाशिंगं, गोंडे, हलगीचा कडकडाट. पण कोणाच्या तोंडावर सणाची कळा नव्हती. दोन्हीकडच्या पोरांच्या घोंगड्यांखाली काय आहे, हे आश्रुबाला न बघताही कळत होतं. पाखऱ्याला एका बाजूनं आणलं, हौश्याला दुसऱ्या. हौश्यानं मान खाली घातली, फुसकारला, खुरानं माती उकरली. हलगी थांबली. आता हा शिंग घालणार, आणि मग माणसं कुऱ्हाडी घालणार, असं वाटून आश्रुबाचा जीव टांगणीला लागला.

हौश्या पुढं आला आणि पाखऱ्याची मान चाटू लागला.

कोणीतरी बाई हुंदका देऊन रडली. कासरे धरलेले दोघं भाऊ एकमेकांकडं बघत राहिले. मग जोडी खांद्याला खांदा लावून वेशीतून गेली, तोरण दोन्ही बैलांच्या शिंगांनी एकदमच तुटलं, आणि सूर्यभाननं कासरा टाकून थोरल्याचे पाय धरले.

"दादा, चुकलं माझं."

"माझंबी चुकलं रं," म्हणत चंद्रभाननं त्याला उठवून छातीशी धरलं.

घोंगड्या झटकल्या गेल्या, कुऱ्हाडी घरी गेल्या. हलगी पुन्हा सुरू झाली. हे बघायला बाप हवा होता, असं आश्रुबाला फार वाटलं. गर्दीत पंचफुला दिसली. एवढा आनंद चाललेला आणि हिचं तोंड उतरलेलं. बायकांच्या मनातली भीती लवकर जात नाही, असं म्हणून त्यानं तिला लांबूनच हसून दाखवलं.

संध्याकाळी दोघं भाऊ मारुतीच्या पारावर एका पानाच्या डब्याला बसले. गाव भोवती जमलं. आश्रुबाही गेला. आपण स्वतःहून काही म्हणायचं नाही, पण ते दोन शब्द बोलतील, असं त्याला वाटत होतं.

चंद्रभान बोललाच. धाकट्याच्या खांद्यावरचा हात न काढता, मागं वळूनही न बघता म्हणाला, "आश्र्या, सकाळी आमी दोघं भाऊ साहेबाकडं जायलोत, पाटीलकी सूर्यभानच्या नावानं मागाया. तू तेवढी गाडी जुपून ठिव."